एडिटिंग सॉफ्टवेअर मोफत, ओपन सोर्स वगैरे: मशिन घेण्याआधी वाचा

एडिटिंगचं मशिन (कॉम्प्युटर) जोडून घ्यायला येणारे स्टुडिओवाले हमखास विचारतात, "सॉफ्टवेअर टाकूनच देणार ना?" हो, टाकूनच देतो. फक्त क्रॅक (परवान्याचं कुलूप फोडलेली चोरटी प्रत) टाकत नाही, आणि तेवढ्यावरून काही जण नाराज होऊन दुसऱ्या दुकानात जातात. त्यांच्यासाठी, आणि 'अमुक प्रोफेशनल सॉफ्टवेअर आता फ्री आणि ओपन सोर्स झालं' असा फॉरवर्ड वाचून येणाऱ्यांसाठी हे पत्रक काढलं आहे. लग्न, मुंज, बारसं, शाळेचं गॅदरिंग, युट्यूब चॅनल, गावातल्या दुकानांच्या जाहिराती असं काम करणारे आमचे बहुतेक ग्राहक आहेत. त्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिलं आहे.

पैसे किती, आणि कोड कोणाकडे?

हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. पहिल्याचं उत्तर 'शून्य रुपये' आलं, तरी ते आजचं उत्तर असतं. उद्या कंपनीने ठरवलं तर फुकटच्या आवृत्तीतून एखादी सोय काढून घेता येते, एक्सपोर्टवर मर्यादा घालता येते, किंवा फुकटची आवृत्तीच बंद करता येते. त्यात बेकायदेशीर काही नाही. माल त्यांचा आहे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. कोड म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बनतं तो मूळ मजकूर; तो सगळ्यांना खुला असला तर ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स. ज्या सॉफ्टवेअरचा कोड जीपीएलसारख्या परवान्याखाली एकदा बाहेर आला, ती आवृत्ती परत घेता येत नाही. कोणीही ती वापरावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. अट इतकीच की पुढे देताना कोडही त्याच परवान्याखाली द्यायचा. मूळ माणसं कंटाळली, कंपनी बुडाली, तरी दुसरं कोणी काम पुढे नेऊ शकतं. सिनेलेरा नावाच्या जुन्या एडिटरचं असंच झालं. मूळ कर्त्यांपासून वेगळी होऊन आधी 'सीव्ही' आणि मग 'जीजी' अशा त्याच्या शाखा निघाल्या. पण उलटंही खरं आहे: कोड खुला असला म्हणून कोणी रोज बसून त्यातल्या चुका दुरुस्त करत असेलच, असं नाही. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना त्याची शेवटची आवृत्ती कधी आली, तेही आम्ही बघतो.

लाइटवर्क्सचं काय झालं

वर म्हटलेला फॉरवर्ड बरेचदा लाइटवर्क्स या एडिटिंग सॉफ्टवेअरबद्दल असतो. त्यामागे एक खरी बातमी आहे, फक्त जुनी.

लाइटवर्क्स ब्रिटनचं, सुरुवात १९८९ ची. कॉम्प्युटरवर सिनेमा कापायच्या अगदी पहिल्या यंत्रणांपैकी ही एक. फिल्मचं रीळ टेबलावर हाताने मागेपुढे फिरवणाऱ्या संकलकांना कीबोर्ड परका वाटू नये म्हणून तिला मोठी मूठ असलेला खास कन्सोल दिला होता. मूठ फिरवली की दृश्य पुढे-मागे सरकायचं. हॉलिवूडचे दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या संकलक थेल्मा शूनमेकर यांनी वर्षानुवर्षं लाइटवर्क्सवरच काम केलं आहे.

२००९ मध्ये एडिटशेअर या कंपनीने लाइटवर्क्स घेतलं आणि एप्रिल २०१० मध्ये लास वेगसच्या एनएबी या प्रसारण-तंत्राच्या प्रदर्शनात जाहीर केलं की ते ओपन सोर्स करणार. खळबळ उडणारच होती. हॉलिवूडचे सिनेमे ज्यावर कापले जातात ते सॉफ्टवेअर कोडसकट मिळणार, असं कोणी त्याआधी म्हटलंच नव्हतं. त्याच वर्षाअखेरीस चाचणी आवृत्ती आली. २०१२ मध्ये विंडोजसाठी रीतसर मोफत आवृत्ती, नंतर लिनक्ससाठी, २०१४ मध्ये मॅकसाठी. मोफतचं आश्वासन अशा रीतीने पाळलं गेलं. कोड मात्र आला नाही. फुकटच्या आवृत्तीत एक्सपोर्ट ७२०पी (फुल एचडीपेक्षा कमी स्पष्टता) पर्यंतच, हीही अट होती. आज लग्नाचा व्हिडिओ ७२०पी मध्ये दिला तर नवरदेवाचा भाऊ टीव्हीवर लावून लगेच फोन करेल. २०२० मध्ये ते सॉफ्टवेअर पुन्हा दुसऱ्या कंपनीकडे गेलं, आणि ती ते आजही चालवते.

कंपनीने फसवलं असं आम्ही म्हणणार नाही. वीस वर्षांच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेले तुकडे असतात, फॉरमॅटचे करार असतात. ते सोडवून कोड उघडा करणं सोपं नसतं. आमचं म्हणणं एवढंच, की घोषणा ऐकून मशिन ठरवू नका. परवान्याची फाइल आणि कोड हातात येईपर्यंत ते बंद सॉफ्टवेअरच समजा.

ब्लेंडर मात्र खरोखर खुलं झालं

ब्लेंडर हे मुळात थ्रीडीचं सॉफ्टवेअर, पण त्यात व्हिडिओ जोडायची सोयही आहे. ते बनवणारी नॉट अ नंबर ही डच कंपनी २००२ मध्ये बंद पडली. ब्लेंडरचे मूळ कर्ते टॉन रोझेंडाल यांनी गुंतवणूकदारांशी सौदा केला: एक लाख युरो द्या आणि कोड घ्या. लोकांकडून वर्गणी मागितली आणि सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. १३ ऑक्टोबर २००२ ला कोड जीपीएलखाली बाहेर आला. २०२५ मध्ये ज्या लॅटव्हियन ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं, तो याच ब्लेंडरवर केलेला आहे. लग्नाच्या इंट्रोमध्ये फिरणारी सोनेरी अक्षरं, उडणाऱ्या पाकळ्या, आमंत्रणाचा मोशन व्हिडिओ यासाठी आम्ही ब्लेंडर टाकून देतो. शिकायला वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

दाविंची रिझॉल्व्ह कुठे बसतं

हे एडिटिंग आणि कलरचं (रंग जुळवायचं) सॉफ्टवेअर मोफत आहे, ओपन सोर्स नाही. एकेकाळी दाविंचीची रंगसंगतीची यंत्रणा मोठ्या लॅबनाच परवडायची. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिकने २००९ मध्ये ती कंपनी घेतली आणि २०११ पासून मोफत आवृत्ती द्यायला लागली. कमाई कॅमेरे, पॅनेल आणि पैसे देऊन घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीवर. कलर करायला याच्या तोडीचं फुकट काही नाही, हे मोकळेपणाने सांगतो, आणि ज्यांना हवं त्यांना टाकूनही देतो. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. ग्राफिक्स कार्ड बरं लागतं. आणि लिनक्सवर याच्या मोफत आवृत्तीत एच.२६४ फाइल चालत नाही, म्हणजे कॅमेऱ्यातली साधी एमपी४ सुद्धा आधी बदलून घ्यावी लागते. हे माहीत नसलेले लोक रात्रभर ड्रायव्हर बदलत बसतात.

आम्ही मुख्यतः काय टाकतो: केडेनलाइव्ह

केडेनलाइव्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर २००२ पासून चालू आहे, जीपीएलखाली आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि नव्या आवृत्त्या नियमित येतात. त्याच्या पोटात बहुतेक सगळे व्हिडिओ फॉरमॅट वाचणारं एफएफएमपेग आहे, त्यामुळे न उघडणारी फाइल क्वचितच सापडते.

एका लग्नाच्या फूटेजवर ते कसं चालतं ते सांगतो. दोन कॅमेरे आणि नवरीच्या मामांनी मोबाइलवर काढलेला एक सलग व्हिडिओ, असं सगळं एका प्रोजेक्टमध्ये घ्यायचं आहे समजा. कॅमेरे सेकंदाला २५ फ्रेमवर ठेवलेले असतात. मोबाइल कधी ३०, कधी २८, उजेड कमी झाला की आणखी कमी, असा मनाला येईल तसा वेग बदलतो. अशी क्लिप तशीच टाइमलाइनवर ठेवली तर आवाज हळूहळू मागे पडतो. सुरुवातीला कळत नाही. मंगलाष्टका संपता संपता बघावं तर आंतरपाट खाली आलेला असतो आणि 'सावधान' मागून ऐकू येतं. केडेनलाइव्हमध्ये अशी क्लिप आत घेतली की ती बदलत्या वेगाची आहे, एडिटिंगला सोयीच्या फॉरमॅटमध्ये बदलू का, असं ते विचारतं. हो म्हणा. जागा जास्त लागते आणि चहा होईपर्यंत थांबावं लागतं, पण आवाज जागेवर राहतो. नेमकं इथेच घाईघाईत 'नाही' दाबलं जातं, म्हणून मशिन देताना ही खूण आम्ही प्रत्येकाला समोर बसवून दाखवतो.

दुसरी खूण प्रॉक्सीची. फोर-के फूटेज १०० मेगाबिटने घेतलं तर तासाला साधारण ४५ जीबी होतं. जुन्या आय-फाइव्ह मशिनवर ते अडखळणारच. प्रॉक्सी चालू केली की सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल बनवतं, तुम्ही नकलेवर कापाकापी करता, आणि शेवटी रेंडर मूळ फाइलवरून होतं. यामुळे काही ग्राहकांचा नवीन मशिनचा खर्च वाचला आहे. आमच्या धंद्याला हे बरं नाही, पण सांगितलेलं बरं.

टायटलचं मराठी हा वेगळा विषय. शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसरीकडे चिकटवला की त्याची इंग्रजी अक्षरांची भेळ होते. युनिकोडमध्ये टाइप करा. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामाला चालतात. आम्ही ते टाकूनच देतो. 'शुभविवाह'मधला श मराठी वळणाचाच हवा असा आग्रह असेल, तर टिरो देवनागरी मराठी वापरून बघा. पत्रिकेवरचा श आणि व्हिडिओतला श वेगळा दिसला की मुलीचे आजोबा ओळखतात.

मराठी भाषणांना सबटायटल हवी असतील तर केडेनलाइव्हला व्हिस्पर (बोललेलं ऐकून मजकूर लिहून देणारं सॉफ्टवेअर) जोडता येतं; त्यात मराठी आहे. उखाणे आणि गावाकडची बोली त्याला झेपत नाही. हाताने दुरुस्त करायची तयारी ठेवा.

काय होणार नाही

बाजारात मिळणारे एडियस या विकतच्या एडिटिंग सॉफ्टवेअरचे तयार प्रोजेक्ट, फोटो टाका आणि अल्बम तयार असले, ते यात उघडत नाहीत. तुमचा सगळा धंदा त्या पॅकवर उभा असेल तर एडियसचं लायसन्स घ्या. केडेनलाइव्हच्या मागे लागू नका. बरेच इफेक्ट चढवले की प्रीव्ह्यू मंदावतो, आणि बंद सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डाला जितकं राबवून घेतात तितकं हे घेत नाही. कधीमधी बंद पडतं. परत उघडल्यावर आपोआप सेव्ह झालेली प्रत पुढे करतं, ती घ्यायची. प्रीमियर या अडोबीच्या एडिटरचे जुने प्रोजेक्टही सरळ उघडणार नाहीत. कापलेला क्रम ओपनटाइमलाइनआयओ (टाइमलाइन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा खुला फॉरमॅट) मधून नेता येतो, पण त्यावरचे इफेक्ट आणि टायटल नव्याने करावी लागतात.

जुनी कामं

दोन-तीन वर्षांनी लोक परत येतात. 'आजी गेली, तिचं जेवढं आहे तेवढं वेगळं काढून द्या.' तेव्हा प्रोजेक्ट उघडलं पाहिजे. सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन संपलं म्हणून किंवा क्रॅक नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून आपलंच काम आपल्याला उघडता न येणं, ही अडचण घेऊन येणारे ग्राहक आम्हाला नेहमी भेटतात. केडेनलाइव्हची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर असते; नोटपॅडमध्ये उघडून कुठली क्लिप कुठल्या फोल्डरमधून घेतली होती ते वाचता येतं. काम संपल्यावर मेन्यूतल्या आर्काइव्हने प्रोजेक्ट आणि सगळ्या क्लिप एका ठिकाणी गोळा करा आणि हार्ड डिस्कवर टाका. त्या वेळची इन्स्टॉल फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. तशी ठेवायला आणि दुसऱ्याला द्यायला परवान्याची पूर्ण मुभा आहे. रिझॉल्व्ह वापरत असाल तर त्याचे प्रोजेक्ट एरवी त्याच्या डेटाबेसमध्ये राहतात. विंडोज नव्याने टाकण्याआधी ते एक्सपोर्ट करा.

क्रॅकबद्दल एकदाच

कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ६३ब. सॉफ्टवेअरची चोरटी प्रत माहीत असताना वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. कमाईसाठी वापरलं नसेल तर कोर्ट सौम्य होऊ शकतं. स्टुडिओ मात्र कमाईसाठीच असतो. शिवाय क्रॅकबरोबर येणारा व्हायरस सगळ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतो, तेव्हा त्यात ग्राहकांची अजून न दिलेली लग्नं असतात.

नेहमीचे प्रश्न

ओपन सोर्सवर केलेला व्हिडिओ फुकट द्यावा लागतो का? नाही. परवाना सॉफ्टवेअरचा आहे, तुमच्या व्हिडिओचा नाही. व्हिडिओ तुमचा, दर तुमचा. गाण्यांचे हक्क मात्र सुटत नाहीत; युट्यूबवर टाकल्यावर क्लेम यायचा तो येणारच.

मग तुम्ही पैसे कसले घेता? टाकून देण्याचे, सेटिंगचे आणि शिकवण्याचे. सॉफ्टवेअरचे नाही. स्वतः उतरवून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण केडेनलाइव्हच्या स्वतःच्या साइटवरूनच. सर्चमध्ये जाहिरात म्हणून वर येणाऱ्या लिंकवरून नको.

शिकायचं कुठे? आमच्याकडे मशिनबरोबर शिकवणी आहेच. एकंदर मुक्त सॉफ्टवेअरची ओळख मराठीतून करून घ्यायची तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पुष्कळ धडे मराठीत आहेत.

आधी करून बघायचं असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी या, तेव्हा दुकानात गर्दी कमी असते. स्वतःचं फूटेज आणा, आमच्या मशिनवर बसून कापून बघा, मग ठरवा. बॅकअप घेतल्याशिवाय कार्ड आणू नका, आणि लग्नसराईत ऐन मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सॉफ्टवेअर बदलायला तर अजिबात येऊ नका.