बालगृहातला कार्यक्रम आणि बालगृहातला खेळ

घरातला वाढदिवस बालगृहात जाऊन साजरा करायची पद्धत बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींतही चांगली रुळली आहे. केक, सेव-उसळ, दोन गाणी, सगळ्यांचा एकत्र फोटो. मुलांची करमणूक झाली, असं पाहुणे आणि कर्मचारी दोघंही धरून चालतात. कार्यक्रम झाला हे खरं, पण खेळ राहूनच गेला.

कार्यक्रमाची वेळ पाहुण्यांच्या सोयीची असते. मुलं रांगेत बसतात, सांगितलं की टाळ्या वाजवतात. ‘मला नाही यायचं’ म्हणायची मुभा कुणालाच नसते. खेळात ती हवीच. घरी मार खाऊन आलेल्या मुलाला कबड्डीत चौघांनी अंगावर येऊन धरलेलं सोसत नाही. त्याला खुशाल गुण लिहायला बसू द्यावं. पुढे खो-खोत यावंसं वाटलं, तर आधी पळणाऱ्यांत घ्यावं, कारण तिथे पाठलाग करणारा समोर दिसतो. रांगेत बसलं की ‘खो’ देणारा हात मागून अचानक पाठीवर पडतो, आणि नेमकी त्याचीच त्याला धास्ती असते. हे रोज मैदानावर असणाऱ्यालाच कळतं, वर्षातून एकदा येणाऱ्याला कसं कळणार?

बाल न्याय कायदा, २०१५ खेळ आणि सांस्कृतिक उपक्रमांना पुनर्वसनाच्या सेवांत धरतो. त्याच कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ अशा वयोगटांच्या मुलांच्या समित्या आहेत. संध्याकाळी काय खेळायचं, हे त्यांनाच विचारावं.

फोटोचं मात्र ठामपणे सांगते. या मुलांची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करायला याच कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणापासून तरी सुटका करून आणलेल्या मुलीचा पत्ता तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून त्याच माणसाला लागू शकतो.

सहल नुसता कार्यक्रमही होऊ शकते आणि खेळही. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात बोट उलटून सहलीला आलेले १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत गर्दी होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ते आठवून बालगृहाचं फाटक कायमचं बंद करावंसं वाटतं, पण मग मुलांच्या वाट्याला टीव्हीच उरतो. कमाठीबागेत, म्हणजे सयाजीबागेत, जरूर न्यावं. पाण्यात उतरणं नाही, विश्वामित्री नदीच्या काठाला जाणं नाही, तिथे मगरी आहेत. कोणती मुलं कुणाच्या ताब्यात हे निघण्याआधी ठरवावं आणि दर थांब्यावर मुलं मोजावीत.

वाढदिवसाचा खर्च करायचाच असेल, तर दर आठवड्याला तोच प्रशिक्षक येईल अशी सोय करून द्या. त्याची पोलीस पडताळणी झालेली असावी, आणि मैदानावर त्याच्यासोबत संस्थेचं एक माणूस कायम असावं. वर्षभराचे चेंडू आणि प्रथमोपचाराची पेटी तेवढी त्यात धरा.