मुंबई ओपनची महिला एकेरी : पार्श्वभूमी

मुंबईच्या महिला टेनिसचा इतिहास सांगताना सुरुवात लीला राव यांच्यापासून करावी लागते. 1934 साली विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणारी ही पहिली भारतीय महिला. आई पंडिता क्षमाबाई राव संस्कृतच्या नामवंत लेखिका, आणि त्याही टेनिस स्पर्धा गाजवत. पुढे निरुपमा मांकड 1971 मध्ये आनंद अमृतराज यांच्याबरोबर विम्बल्डनची मिश्र दुहेरी खेळल्या. खेळाडू होत्या, पण महिलांची व्यावसायिक स्पर्धा शहरात यायला बराच काळ गेला. हैदराबाद, कोलकाता, बंगळुरू इथे डब्ल्यूटीएच्या (महिला टेनिसच्या जागतिक संघटनेच्या) स्पर्धा झाल्या. 2005 मध्ये हैदराबादेत सानिया मिर्झाने जेतेपदही मिळवले. तिचा जन्म मुंबईचा, एवढेच काय ते मुंबईचे समाधान.

2012 मध्ये डब्ल्यूटीएने 125 दर्जाच्या स्पर्धा सुरू केल्या. मुख्य टूरच्या एक पायरी खालचा हा दर्जा. पहिल्याच वर्षी त्यातली एक स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली. अंतिम सामन्यात 18 वर्षांच्या एलिना स्वितोलिनाने 42 वर्षांच्या किमिको दाते-क्रुमला हरवले. मुंबईची पाळी, म्हणजे मुंबई ओपन, आली 2017 च्या नोव्हेंबरमध्ये, चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या हार्ड कोर्टवर. आर्यना सबालेंकाने दलिला याकुपोविचला 6-2, 6-3 असे नमवले. सबालेंका पुढे जगात अव्वल क्रमांकावर पोहोचली, म्हणून आज त्या निकालाचे कौतुक; तेव्हा तिला ओळखणारे थोडेच होते. 2018 मध्ये थायलंडच्या लुक्सिका कुमखुमने पहिला सेट 1-6 गमावूनही इरिना क्रोमाचेवाला हरवले.

त्यानंतर थेट 2024 उजाडले. या खेपेला स्पर्धा फेब्रुवारीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन आटोपल्यावर भरली. लॅटव्हियाच्या दार्या सेमेनिस्तायाने स्टॉर्म हंटरला तीन सेटमध्ये हरवून करंडक नेला, तर 2025 मध्ये यिल टाइशमन जिंकली.

एकेरीचा मुख्य ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता) 32 जणींचा, म्हणजे जेतेपदासाठी पाच विजय. मानांकन, म्हणजे क्रमवारीनुसार मिळणारा अग्रक्रम, आठ जणींना. अव्वल मानांकित ड्रॉच्या पहिल्या ओळीवर, दुसरी मानांकित शेवटच्या ओळीवर; तिसरी-चौथी चिठ्ठी टाकून 9 आणि 24 क्रमांकाच्या ओळींवर. त्यामुळे उपांत्यपूर्व फेरीआधी दोन मानांकित समोरासमोर येत नाहीत, आणि एखादी सलामीलाच गळाली की ड्रॉचा तो कोपरा इतरांसाठी मोकळा होतो. 2024 मध्ये सहजा यमलापल्लीने अव्वल मानांकित केला डे हिला पहिल्याच फेरीत घरी पाठवले, तेव्हा नेमके हेच घडले. ऐन वेळी कोणी माघार घेतली तर पात्रता फेरीच्या शेवटच्या टप्प्यात हरलेलीला लकी लूझर म्हणून जागा मिळते. म्हणून हरल्यावर लगेच बॅग भरू नये.

आता जागतिक क्रमवारीच्या गुणांचे गणित. 2024 पासून विजेतीला 125, उपविजेतीला 81, उपांत्य फेरीत हरणारीला 49, उपांत्यपूर्व फेरीत 27, दुसऱ्या फेरीत 15; सलामीला हरली तर फक्त 1. क्रमवारीत नाव यायला तीन स्पर्धांत गुण हवेत, नाहीतर एकूण किमान 10. म्हणजे मुख्य फेरीतला एक विजयही नवख्या मुलीला पुरतो. 2025 मध्ये 15 वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून वर येत थेट उपांत्य फेरीत धडकली आणि टाइशमनकडून हरली. वाइल्ड कार्डमुळे (आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशामुळे) घरच्या मुलींना दार उघडते खरे, पण मोजण्याजोगे गुण जिंकल्यावरच.

हे गुण 52 आठवड्यांनी वजा होतात, मग पुढच्या वर्षी स्पर्धा भरो न भरो. कुमखुमने 2018 मध्ये मिळवलेले 160 गुण (तेव्हा विजेतीला तेवढे होते) पुढच्या वर्षी गळाले, आणि ते राखायला मुंबईत स्पर्धाच नव्हती. खेळाडू वर्षाचा प्रवास आखताना भरवशाचा आठवडा शोधतात तो यासाठीच.