भायखळा–परळ मतदारसंघ (मुंबई शहर)

मुंबई प्रांताच्या विधानसभेतील एक सर्वसाधारण नागरी मतदारसंघ. 1935 च्या भारत सरकार कायद्यान्वये तो आखला गेला. या नावाने त्याच्या वाट्याला 1937 आणि 1946 अशा दोनच सार्वत्रिक निवडणुका आल्या. प्रौढ मताधिकाराच्या 1952 च्या निवडणुकीत नव्या हद्दी आल्या आणि जुने नाव गेले. म्हणजे आयुष्य उणेपुरे पंधरा वर्षांचे, त्यातही 1939 ते 1946 विधानसभाच बंद. तरीही मुंबईच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्याला हा मतदारसंघ टाळता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मतपेटीतून विधानसभेत गेले ते इथून. आणि पुढे शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला तोही याच वस्तीतून, परळ या छोट्या मतदारसंघातून. ही नोंद त्यामुळे 1952 वर थांबत नाही.

भायखळा आणि परळ ही नावे जोडून येत असली तरी दोन्ही वस्त्यांचा पोत वेगळा. भायखळ्याकडे मदनपुरा, नागपाडा, आग्रीपाडा. तिथे उत्तर हिंदुस्थानातून आलेले मुसलमान विणकर, रेल्वे कारखान्यांतले कामगार, ख्रिस्ती आणि ज्यू कुटुंबे. परळ, लालबाग, काळाचौकी म्हणजे गिरणगाव. तिथे कोकण आणि घाटावरून आलेला मराठी कामगार. 1896 च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने या भागात चाळी बांधल्या. लोक त्यांना अजून बी.आय.टी. चाळ म्हणतात. एक खोली, बाहेर सामाईक व्हरांडा, टोकाला नळ आणि संडास. परळच्या पोयबावाडीतल्या अशाच चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्यांत आंबेडकर कुटुंब 1912 पासून 1934 पर्यंत राहिले. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी परळच्याच दामोदर हॉलमध्ये होती. निवडणुकीच्या वेळी बाबासाहेब दादरच्या ‘राजगृहा’त राहायला गेले होते, पण मतदारांच्या लेखी ते परळचेच.

मतदारयादी कोणाची, हा प्रश्न हद्दीपेक्षा महत्त्वाचा. 1937 मध्ये मत सर्वांना नव्हते. घरभाडे, मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांपैकी कशात तरी बसावे लागे. अनुसूचित जातींसाठी आणि बायकांसाठी अटी थोड्या सैल होत्या. शिवाय याद्या धर्मानुसार वेगळ्या. मुसलमान, युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती यांचे मतदारसंघ स्वतंत्र, त्यामुळे ‘सर्वसाधारण’ या सरकारी शब्दाचा अर्थ प्रत्यक्षात उरलेले, असा होत होता. मदनपुऱ्यातला विणकर भायखळ्यात राहूनही भायखळा–परळच्या या यादीत नव्हता. एकाच गल्लीतल्या समोरासमोरच्या दोन घरांना वेगवेगळे उमेदवार दारात येऊन नमस्कार करत. कामगार संघटनांसाठी आणखी वेगळ्या जागा होत्या. 175 जणांच्या त्या विधानसभेत 114 जागा सर्वसाधारण होत्या आणि त्यांतल्या 15 अनुसूचित जातींसाठी राखीव. पुणे कराराने राखीव जागा वाढल्या, पण मतदान संयुक्त राहिले. राखीव जागेवर कोण बसणार हे सवर्ण मतदारही ठरवणार होते, आणि बाबासाहेबांची हरकत नेमकी तिथे होती.

भायखळा–परळ हा एकाहून अधिक जागांचा मतदारसंघ, त्यांतली एक राखीव. मुंबई प्रांतात अशा ठिकाणी मतसंचयाची पद्धत ठेवली होती. जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा. अल्पसंख्य गटाला हे मोठे हत्यार होते. तीन मते तीन जणांना वाटण्यापेक्षा तिन्ही एकालाच द्यायची, एवढे समजावून सांगितले की काम होत असे. हा बारकावा पुढे 1952 मध्ये उलटा फिरला, म्हणून इथे नोंदवून ठेवायला हवा.

1937 ची निवडणूक

15 ऑगस्ट 1936 रोजी आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नव्हती, मजूर होता. गिरणगावात हा शब्द मुद्दाम निवडलेला दिसतो, पण इथला मजूर एकसंध कधीच नव्हता. गिरणीत साचेखात्याला, म्हणजे विणाईच्या खात्याला, पगार बरा. पण तिथे दलित कामगाराला घेत नसत. कारण साधे आणि विचित्र होते. धोट्यातली कांडी बदलताना दोऱ्याचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे आणि ‘त्याच्या’ तोंडचा दोरा सवर्ण साचेवाल्याला चालत नसे. 1928–29 च्या संपांच्या काळात आंबेडकरांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. लाल बावट्याखाली एकत्र घोषणा देणारे दोघे गिरणीच्या आत वेगवेगळ्या खात्यांत जात, ही परळची खरी अडचण होती.

काँग्रेसने राखीव जागेसाठी पळवणकर बाळू यांना उभे केले. नाव आज विस्मरणात गेले असले तरी त्या वेळी मुंबईत बाळू ठाऊक नाही असा माणूस विरळा. डावखुरा फिरकी गोलंदाज, चर्मकार समाजातला. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टीची देखभाल करत तो गोलंदाजी शिकला. हिंदू संघात खेळला. तिथेही जेवणाच्या पंगतीत त्याला वेगळे बसवल्याच्या हकिगती सांगितल्या जातात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्याला मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे गेले. पुणे कराराच्या वेळी बाळू गांधींच्या बाजूने होते. तरुणपणी आंबेडकरांना त्यांच्याविषयी अभिमान होता, आणि आता तेच समोर उभे. काँग्रेसच्या या निवडीत हिशेब उघड होता: लोकप्रिय चेहरा, शिवाय महार मते एका बाजूला गेली तर इतर दलित जातींची मते दुसऱ्या बाजूला वळवण्याची सोय.

17 फेब्रुवारी 1937 रोजी मतदान झाले. आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. फरक 2,020. आज मागे वळून पाहताना आंबेडकरांचा विजय ठरलेलाच वाटतो. त्या दिवशीच्या परळला तसे मुळीच वाटले नसणार.

विधानसभेतली कामगिरी या मतदारसंघाशी घट्ट जोडलेली आहे आणि चरित्रांत ती सहसा सुटी सांगितली जाते. 17 सप्टेंबर 1937 रोजी आंबेडकरांनी खोती, म्हणजे कोकणातली सारावसुलीची मध्यस्थ वतनदारी, नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत रत्नागिरीचे, मग परळच्या आमदाराला त्याचे काय? उत्तर चाळीतच होते. परळचा गिरणी कामगार पोटासाठी मुंबईत आणि जमिनीसाठी गावाला बांधलेला. इथली मनीऑर्डर तिथे खोताच्या घशात जायची. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले तेव्हा त्यांचे कितीतरी नातेवाईक याच मतदारसंघात राहत होते. त्याच वर्षी बाळ गंगाधर खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. संपाच्या हक्कावर त्यात मर्यादा होत्या. आंबेडकरांनी सभागृहात त्यावर कडाडून टीका केली, आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. परळच्या कामगार मैदानावर सभा झाली. निळे आणि लाल असे एका व्यासपीठावर येण्याचे प्रसंग मोजकेच, त्यांतला हा एक.

नोव्हेंबर 1939 मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांतात गव्हर्नरची राजवट आली. 1946 च्या निवडणुकीत आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला मुंबई प्रांतात एकही जागा मिळाली नाही. घटना समितीवर जाण्यासाठी मुंबईच्या विधानसभेतून मार्ग उरला नाही म्हणून ते बंगालमधून निवडून आले.

नाव गेल्यानंतर

1952 ची गोष्ट लोकसभेची, पण भूमी तीच. उत्तर मुंबई शहर हा दोन जागांचा मतदारसंघ होता आणि त्यात परळचा भाग येत होता. राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण सदोबा काजरोळकरांना 1,38,137 मते, आंबेडकरांना 1,23,576. या वेळी मतसंचय नव्हता. मतदाराला दोन मतपत्रिका आणि प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र चिन्हांकित पेटी. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद. आंबेडकर आणि समाजवादी उमेदवार अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज केला, त्यात 74,333 मते बाद झाल्याचे म्हटले होते. कम्युनिस्टांनी मते ‘कुजवायला’, म्हणजे दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकून एक मत मुद्दाम वाया घालवायला, सांगितल्याचा आरोप झाला. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे स्वतः सर्वसाधारण जागेचे उमेदवार होते. अर्ज फेटाळला गेला. पंधरा वर्षांपूर्वी जी सवय आंबेडकरांना तारून गेली तीच आता मत बाद करत होती. हा नियमातला बदल पराभवाच्या चर्चेत जेवढा यायला हवा तेवढा येत नाही.

1957 मध्ये वारे फिरले. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत गिरणगावाने काँग्रेसला झिडकारले आणि मध्य मुंबईतून डांगे व फेडरेशनचे गो. का. माने दोघेही लोकसभेवर गेले. 1961 मध्ये दोन जागांचे मतदारसंघ कायद्याने बंद झाले. आता परळ हा विधानसभेचा एकट्याचा मतदारसंघ होता.

1967 मध्ये तिथून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई निवडून आले. पोरांना आखाड्यात आणि मोर्चात दोन्हीकडे घेऊन जाणारा, लालबागच्या गल्लीबोळांतला माणूस. शिवसेना स्थापन होऊन तेव्हा वर्ष उलटले नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात परळ नाक्यावरच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. 5 जून 1970 च्या रात्री लालबागमध्ये देसाईंचा खून झाला. खटला चालून आरोपींना शिक्षा झाल्या. पोटनिवडणूक ऑक्टोबरमध्ये झाली. पक्षाने त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभे केले आणि इतर अनेक पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. शिवसेनेकडून वामनराव महाडिक, पेशाने शिक्षक. महाडिकांना 31,592 आणि सरोजिनीबाईंना 29,913 मते. फरक 1,679; चार-सहा मोठ्या चाळींची मते म्हणा. शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. डावे गिरणगावातून त्या दिवशी संपले असे म्हणण्याची पद्धत आहे, पण ती घाई होय. युनियन तिथे होत्या, मते होती, दत्ता सामंतांचा काळ तर अजून यायचा होता. गेली ती पोरे. मोर्चाला जाणारा तरुण शाखेत जाऊ लागला, आणि हे घरोघर एकाच खोलीत घडत होते. बाप लाल बावट्याचा, मुलगा भगव्याचा.

18 जानेवारी 1982 ला सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांचे भोंगे थांबले, पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल, कचेऱ्या आणि टॉवर आले. मतदारयादीवर याचा परिणाम हळू झाला. कामगार कुटुंबे बदलापूर, विरार, दिव्याकडे सरकली. खोलीवरचे नाव आणि मत पुष्कळदा मुंबईतच राहिले. मतदानाच्या दिवशी लोकलने परळला उतरणारा मतदार ही इथली ओळखीची गोष्ट आहे.

2008 च्या पुनर्रचनेत मुंबई शहराच्या जागा 17 वरून 10 झाल्या. परळ, चिंचपोकळी, माझगाव, नागपाडा ही नावे यादीतून गेली. चिंचपोकळीने 2004 मध्ये अरुण गवळी यांना निवडून दिले होते. माझगावात 1995 मध्ये बाळा नांदगावकरांनी छगन भुजबळांना पाडले होते. जुन्या भायखळा–परळचा प्रदेश आता मुख्यतः भायखळा (184) आणि शिवडी (183) यांत विभागला आहे. फाळणी जवळपास जुन्या जोडनावाच्या मधल्या रेघेवरच झाली.

शिवडीत 2009 मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे बाळा नांदगावकर आले, 2014 पासून शिवसेनेचे (फुटीनंतर उद्धव बाळासाहेब ठाकरे गटाचे) अजय चौधरी. भायखळ्याला मात्र कोणी दोनदा टिकलेले नाही. 2009 काँग्रेस, 2014 एमआयएम, 2019 शिवसेना, 2024 शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे). 2014 ची लढत सर्वांत मजेची. काँग्रेसचे आमदार मधू चव्हाण आणि भाजपचे उमेदवारही मधू चव्हाण. कार्यकर्ते एकाला अण्णा आणि दुसऱ्याला दादा म्हणून ओळख पटवत. दोन्ही चव्हाण आणि गवळींची कन्या गीता यांच्यात मते विभागली गेली, आणि एमआयएमचे वारिस पठाण दीड हजाराहून कमी मतांनी निवडून आले. मदनपुऱ्याची मते 1937 मध्ये वेगळ्या यादीत होती. आता ती त्याच यादीत, त्याच मतयंत्रात होती.