कमी चाललेली सेडान खरोखरच चांगली असते का?

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत 'सिंगल ओनर' आणि 'कमी रनिंग' हे शब्द हमखास आढळतात आणि खरेदीदारही त्यांवर तितक्याच हमखासपणे विसंबतो. सात-आठ वर्षांत जेमतेम वीस हजार किलोमीटर झालेली होंडा सिटी किंवा मारुती सियाझ दिसली, की ती कुणा निवृत्त गृहस्थांनी जपून वापरलेली असणार असे आपण गृहीत धरतो आणि तिच्यासाठी चार पैसे जास्त मोजायला तयार होतो. हा समज अगदीच निराधार नाही. तथापि गाडीचा कोणता भाग नेमका कशामुळे झिजतो, हे एकदा समजून घेतले की किलोमीटरचा आकडा किती अपुरा आहे हे ध्यानात येते. मध्यम आकाराची सेडान नवी घ्यावी की जुनी, याचा निर्णयही त्यामुळे बराच सोपा होतो.

आधी सेडानच का, हे पाहू. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक आता एसयूव्ही आणि तत्सम उंच गाड्या असतात. २०१४ मध्ये आलेली सियाझ २०२५ मध्ये बंद झाली आणि या वर्गात सिटी, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया एवढीच ठळक नावे उरली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या दरांत चार मीटरच्या आतील लहान पेट्रोल गाड्यांना १८ टक्के, तर त्याहून लांब गाड्यांना सरसकट ४० टक्के कर आहे. म्हणजे स्लाव्हियाचे इंजिन एक लिटरचे असले तरी केवळ लांबीमुळे ती वरच्या दरात जाते. मागणी कमी असलेल्या वस्तूची पुनर्विक्रीची किंमत लवकर उतरते, आणि विकणाऱ्याच्या दृष्टीने हा तोटा असला तरी जुनी गाडी घेणाऱ्याला तोच लाभ ठरतो.

भौतिकशास्त्र मात्र सेडानच्या बाजूने आहे. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे समृद्धी महामार्गावर ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटरने जाताना तो सव्वादोन पट होतो. सेडानचा अवरोध-गुणांक, म्हणजे गाडीच्या आकाराला हवा किती अडवते याचे माप, साधारण ०.२८ ते ०.३० च्या आसपास असतो आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळही कमी असते. उभ्या ठेवणीच्या एसयूव्हीत हे दोन्ही आकडे वाढत असल्यामुळे महामार्गाच्या वेगाला तिला एक तृतीयांशाहून अधिक जादा अवरोध सहज सोसावा लागतो. दुसरा मुद्दा गुरुत्वमध्याचा आहे. दोन चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की गाडी उलटण्याविरुद्धच्या स्थैर्याचे माप मिळते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या मोजणीनुसार बहुतेक कारसाठी ते १.३ ते १.५ आणि उंच गाड्यांसाठी १.० ते १.३ या दरम्यान येते. अर्थात, गुडघेदुखी असलेल्या आजीला खोल आसनातून उठवताना आणि गल्लीतल्या बेकायदा गतिरोधकावर गाडीचे पोट घासताना हे गुणोत्तर काही कामाला येत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

आता किमतीकडे वळू. शोरूममधून बाहेर पडताच नव्या गाडीची किंमत लक्षणीय घसरते, आणि एवढी झीज तर त्या दिवसात झालेली नसते. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन याचे कारण मांडले. विकणाऱ्याला गाडीचे खरे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहून सरासरीची किंमत देऊ करतो, आणि चांगल्या गाडीच्या मालकाला ती परवडत नसल्याने तो बाजारातून काढता पाय घेतो. माहितीच्या या विषमतेवरील कामासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. याचा व्यावहारिक अर्थ असा, की जुन्या गाडीवरील सवलतीचा एक भाग झिजेपोटी असतो आणि दुसरा भाग घेणाऱ्याच्या अज्ञानापोटी. अज्ञान कमी करता आले तर हा दुसरा भाग खिशात राहतो.

त्यासाठी गाडीतील पदार्थांकडेच जावे लागते, आणि सुरुवात पाण्यापासून करायला हवी. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे; एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले की त्यातील हायड्रोजनपासून सुमारे एक लिटर पाणी तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापलेले असतील तर हे सारे पाणी वाफेच्या रूपात निघून जाते. पण रोज घर ते भाजी मंडई, मंडई ते घर अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत सायलेन्सर तापतच नाही. वाफ आतच थिजते आणि तो आतून गंजू लागतो. इंजिनात पिस्टनच्या कडेने निसटलेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळते. लांबच्या प्रवासात ऑइल तापून हे दोन्ही उडून जाते, छोट्या फेऱ्यांत ते साचत राहते, आम्लता वाढते आणि ऑइलचे वंगण म्हणून असलेले सामर्थ्य घटते. शिवाय थंड इंजिन सुरू होताना ऑइल सगळीकडे पोहोचेपर्यंत धातूवर पुरेसा थर नसतो. वीस हजार किलोमीटर दोन-दोन किलोमीटरच्या हप्त्यांनी झालेले असतील, तर इंजिन दहा हजार वेळा थंडपणीच सुरू झालेले असू शकते. पुणे-नाशिक नियमित ये-जा करणाऱ्या गाडीने तेवढेच अंतर शंभरएक थंड सुरुवातींत कापलेले असेल.

रबराला तर किलोमीटरशी फारसे देणेघेणेच नसते. टायर, इंजिनाखालचे माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, दारांची सीलिंग, कूलंटचे होज हे सारे भाग प्राणवायू आणि ओझोन यांच्या संपर्काने, गाडी उभी असली तरी, कडक होत जातात. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हा ठोकताळा येथेही लागू पडतो. त्यामुळे नागपूरच्या उन्हात उघड्यावर उभी राहिलेली गाडी महाबळेश्वरच्या गॅरेजातील गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. बऱ्याच टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षी नक्षी शिल्लक असली तरी बदली सुचवतात. कमी चाललेल्या गाडीच्या टायरांची नक्षी भरगच्च दिसते आणि तेथेच फसगत होते, कारण रबर आतून ठिसूळ झालेले असते आणि कमी हवा, भरधाव वेग आणि तापलेला काँक्रीटचा रस्ता हे तिन्ही एकत्र आले की टायर फुटतो.

ब्रेक ऑइलची गोष्ट याहून गंभीर आहे. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आता बोरघाटाचा हिशेब करू. लोणावळा ते खोपोली या उतारावर पाच माणसे आणि सामान धरून दीड हजार किलोची गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते, म्हणजे सुमारे ८० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. खोलीच्या तापमानाचे पंचवीस लिटर पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. तिचा काही वाटा हवा आणि टायर उचलतात, गिअरमध्ये असताना इंजिनही उचलते. उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या डिस्कमध्ये जाते. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक इंजिनाचा वाटाही डिस्कवरच टाकतो. अशा वेळी जुने, ओलावलेले ऑइल कॅलिपरपाशी, म्हणजे डिस्कला आवळून धरणाऱ्या भागापाशी, उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पेडल तळाला टेकते आणि चाके थांबत नाहीत. सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणे अपेक्षित असते, आणि 'गाडी चाललीच कुठे' या सबबीखाली नेमके तेच काम राहून जाते. सर्व्हिसच्या नोंदीत ही एक ओळ शोधावी. मालक किती काळजीवाहू होता याची ती मला सर्वांत भरवशाची खूण वाटते.

याचा अर्थ धावलेली गाडी निर्दोष असा मुळीच नाही. क्लच प्लेट, चाकांचे बेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर हे भाग वापराने झिजतात. मीटरचा आकडा तर मागे फिरवता येतो, कारण तो अखेर एका चिपमध्ये साठवलेली नोंद असतो. स्टिअरिंगवरचे गुळगुळीत झालेले कातडे, ब्रेक पेडलचे झिजलेले रबर आणि चालकाच्या आसनाची उतरण्याच्या बाजूची दबलेली कड यांवरून खरा वापर अधिक नेमका कळतो. तरीही चार वर्षांची, महामार्गावर साठ-सत्तर हजार किलोमीटर धावलेली आणि अधिकृत सर्व्हिसच्या सलग नोंदी असलेली सेडान मी आठ वर्षांच्या जवळजवळ नव्या दिसणाऱ्या सेडानपेक्षा वरची मानतो.

अपघाताचा इतिहास ही वेगळी बाब आहे आणि तेथे तडजोड करू नये. बेला बारेनी या अभियंत्याने १९५० च्या दशकाच्या आरंभी मांडलेली कल्पना आज प्रत्येक सेडानमध्ये आहे: पुढचा भाग चुरगळावा आणि प्रवाशांचा कप्पा शाबूत राहावा. ताशी ६४ किलोमीटरने आदळलेली गाडी ६० सेंटिमीटर चुरगळत थांबली तर आतील माणसाला गुरुत्वाच्या सुमारे २७ पट मंदन सोसावे लागते. तीच गाडी १० सेंटिमीटरमध्ये थांबली तर हा आकडा १६० वर जातो. कप्पा शाबूत ठेवण्याचे काम दारांलगतचे, छताला आधार देणारे खांब करतात. त्यांसाठी अनेक आधुनिक गाड्यांत बोरॉनयुक्त पोलाद सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून साच्यातच झटकन थंड केले जाते आणि त्यामुळे त्याची ताकद साध्या पत्र्याच्या कित्येक पट होते. वाकलेला असा खांब गॅरेजमध्ये गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केला, तर ती ताकद निघून जाते. वरून रंग कितीही सफाईदार असो, पुढच्या अपघातात तो खांब आधार देणार नाही.

म्हणून रंगाखाली पाहायला हवे. कारखान्यातून आलेल्या रंगाचे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, तर लांबी (पुट्टी) भरून रंगवलेल्या जागी हे माप कित्येक पटींनी वाढते आणि ते मोजणारे छोटे यंत्र आता सहज मिळते. बंपर प्लास्टिकचा असतो आणि शहरात तो खरचटतोच, तेव्हा तेथील डेंटिंग-पेंटिंगचा बाऊ करण्याचे कारण नाही. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या ॲप्रनच्या, म्हणजे इंजिनाशेजारच्या आतल्या पत्र्यांच्या, कडा आणि दारांचे रबर किंचित ओढून त्यामागील खांब पाहावेत: कारखान्यातील स्पॉट वेल्डचे गोल खळगे एकसारख्या अंतरावर आणि एकाच आकाराचे असतात, हाताने केलेले जोडकाम तसे कधीच दिसत नाही. त्याच वेळी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा आणि स्टेपनीखालचा पत्रा तपासावा. बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेषा किंवा आसनांच्या रुळांवर गंज दिसला, तर ती गाडी पुरात उभी होती असे समजून व्यवहार थांबवावा. गढूळ पाण्याने वायरिंगच्या जोडांवर सुरू झालेला गंज वर्षभराने एकेक दिवा, एकेक सेन्सर निकामी करत राहतो. चिपळूण, सांगली आणि कोल्हापूरच्या पुरांनंतर हा धोका काल्पनिक राहिलेला नाही. किनारपट्टीवरच्या गाडीत खाऱ्या हवेमुळे गाडीखालचा पत्रा अधिक बारकाईने पाहावा, एवढे पुरे.

मग नव्या गाडीने काय मिळते? एक तर सुरक्षिततेची नवी पिढी. गाड्या आदळवून त्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने जुलै २०२२ पासून चाचणीचे निकष कडक केले आणि बाजूने होणारा आघात व गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांनाही महत्त्व दिले. त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे तारे एकाच मापाचे नाहीत. नव्या निकषांवर व्हर्टस, स्लाव्हिया आणि व्हर्ना यांना २०२३ मध्ये पाच तारे मिळाले, आणि तीन-चार वर्षांची गाडी शोधणाऱ्याला या गाड्या आता जुन्या बाजारातही सापडतात. दुसरा मुद्दा इंधनाचा. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सोसतील असे भाग एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांत अपेक्षित आहेत. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून या मिश्रणाच्या लिटरमागे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. ॲव्हरेज घटल्याचा दोष लगेच जुन्या इंजिनाला देऊ नये. त्याआधीच्या गाडीत मात्र इंधनाचे होज आणि सील तपासून घ्यावेत. माझ्या मते, वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरही न चालवणाऱ्या कुटुंबाने नव्या सेडानसाठी कर्ज काढू नये, आणि दहा-बारा वर्षे एकच गाडी वापरण्याचा ज्यांचा निश्चय आहे त्यांनी ती नवीच घ्यावी.

ऑटोमॅटिक हवी असल्यास गिअरबॉक्सचा प्रकार आधी विचारावा. या वर्गातील टर्बो गाड्यांत दिसणाऱ्या सात गिअरच्या ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या, गिअरबॉक्समधील प्लेट कोरड्या असतात. मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या मुंबईच्या वाहतुकीत त्या सतत घसटून तापतात. एक लिटरच्या स्लाव्हिया आणि व्हर्टसमधील टॉर्क कन्व्हर्टर ऑइलच्या माध्यमातून शक्ती पोहोचवतो आणि सिटीच्या सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक पायऱ्यांविना गुणोत्तर बदलणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, पोलादी पट्टा असतो. शहरात वापरलेल्या जुन्या गाडीसाठी हे दोन्ही मला अधिक निर्धास्त वाटतात. चाचणीला जाण्यापूर्वी विकणाऱ्याला इंजिन सुरू करून ठेवू नका असे सांगावे आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. थकलेली बॅटरी, टॅपेटचा (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागांचा) आवाज आणि सायलेन्सरमधून येणारा निळसर धूर, म्हणजेच जळणारे ऑइल, हे तिन्ही पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसतात आणि इंजिन तापल्यावर बरेचदा लपतात.