मिशनरी पत्नी

ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी परदेशी गेलेल्या पाद्र्याची पत्नी म्हणून त्याच्याबरोबर राहणारी आणि संसार, बाळंतपणे व मिशनचे काम एकाच छपराखाली सांभाळणारी स्त्री. रोमन कॅथलिक धर्मगुरू अविवाहित असल्यामुळे ही भूमिका प्रामुख्याने प्रॉटेस्टंट मिशनांत घडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला ठळक रूप आले. अमेरिकन मिशनच्या दप्तरात या स्त्रियांची नोंद ‘साहाय्यक मिशनरी’ अशी होई. त्यांना धर्मदीक्षा नसे आणि स्वतंत्र वेतनही नसे. मराठी मुलखात लोक त्यांना नुसते ‘मडम’ म्हणत.

भारतातील सुरुवातीचे उदाहरण विल्यम कॅरी यांच्या पत्नी डॉरथी यांचे आहे. त्यांनी प्रथम इंग्लंड सोडण्यास साफ नकार दिला होता आणि पुढे बहीण बरोबर येणार असेल तरच येते, या अटीवर १७९३ मध्ये काही आठवड्यांचे मूल कडेवर घेऊन त्या जहाजात बसल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर बंगालमध्ये हगवणीने दगावला. त्यानंतर त्यांचे मन जे ढळले, ते १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरले नाही. मराठी वाचकाला कॅरी परिचित असतात ते १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला छापलेल्या मराठी व्याकरणामुळे. ते पुस्तक सिद्ध होत होते तेव्हा त्यांची पत्नी त्याच घरातील एका खोलीत वेडाच्या भरात आरडाओरडा करीत असे. मिशनच्या गौरवपर वाङ्मयाने डॉरथींना बराच काळ पतीच्या मार्गातील अडचण म्हणूनच दाखवले, हे अन्यायाचे वाटते. त्यांनी हे जीवन स्वतःहून निवडले नव्हते.

ज्यांनी ते निवडले, त्यांच्यात अ‍ॅन हॅझल्टाइन आणि हॅरिएट अ‍ॅटवुड या मॅसॅच्युसेट्समधील दोन तरुणींची नावे प्रथम येतात. अ‍ॅनला मागणी घालताना अ‍ॅडोनायरम जडसन यांनी तिच्या वडिलांना पत्राने स्पष्ट विचारले होते, की मुलगी या जगात पुन्हा दृष्टीस पडणार नाही, आणि परमुलखात तिचे हाल होतील, कदाचित मरणही ओढवेल, हे तुम्हाला चालेल काय. वडिलांनी निर्णय मुलीवर सोडला. १८१२ च्या फेब्रुवारीत लग्न होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच ती सेलम बंदरातून निघाली. त्याच जहाजात अठरा वर्षांची हॅरिएट आपले पती सॅम्युएल न्यूएल यांच्याबरोबर होती. कलकत्त्यास पोहोचताच ईस्ट इंडिया कंपनीने या मंडळींना निघून जाण्याचा हुकूम दिला. मॉरिशसच्या वाटेवर हॅरिएट भर समुद्रात बाळंत झाली. मुलगी पाचच दिवस जगली आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हॅरिएटही गेली. न्यूएल पुढे मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले आणि १८२१ मध्ये पटकीने वारले. हॅरिएटने कोणाला बाप्तिस्म्यापर्यंत आणले नाही, एकही शाळा काढली नाही. परंतु तिची दैनंदिनी अमेरिकेत छापली गेली आणि तेथील घराघरांत वाचली गेली.

अ‍ॅन जडसन १८१३ च्या जुलैमध्ये ब्रह्मदेशातील (आजचे म्यानमार) रंगूनला उतरल्या. मद्रासहून येताना त्यांना मृत मूल झाले होते. १८१५ मध्ये जन्मलेला रॉजर आठ महिन्यांचा होऊन वारला. या काळात एक गोष्ट घडली, जी अशा स्त्रियांच्या बाबतीत पुढे वारंवार दिसते. पती पंडितासमोर बसून व्याकरण आणि शब्दसंग्रह करीत, तर पत्नी नोकरांशी, बाजारकरणींशी आणि शेजारणींशी घरखर्चाचे बोलता बोलता भाषा उचलीत असे. बोलण्यात आपण पतीच्या पुढे आहोत आणि वाचण्यालिहिण्यात ते पुढे आहेत, असे अ‍ॅन यांनी स्वतःच नोंदवले आहे. त्यांनी ब्रह्मी भाषेत प्रश्नोत्तरावली तयार केली, बायबलमधील दानिएल व योना ही पुस्तके ब्रह्मीत उतरवली, आणि रंगूनमधील सयामी (थाई) लोकांसाठी मत्तयाचे शुभवर्तमान सयामीत आणले.

१८२४ मध्ये इंग्रज-ब्रह्मी युद्ध पेटताच राजधानी आवा येथे सर्व गोऱ्यांवर हेर असल्याचा वहीम आला आणि ८ जून रोजी जडसन यांना घरातून दोरीने बांधून नेण्यात आले. त्यांच्या पायांत तीन जोड बेड्या घालीत आणि रात्री सर्व कैद्यांचे पाय एका बांबूला अडकवून वर ओढीत. अ‍ॅन तेव्हा गरोदर होत्या. तुरुंग घरापासून सुमारे दोन मैल होता. अन्न पोहोचवायचे, पहारेकऱ्यांना चांदी चारायची, सरदारांच्या बायकांपुढे अर्ज घेऊन बसायचे आणि संध्याकाळी पायी परतायचे, असा त्यांचा क्रम महिनोन्‌महिने चालला. नव्या कराराच्या भाषांतराचे हस्तलिखित त्यांनी आधी अंगणात पुरले. पावसाने ते कुजेल म्हणून मग उशीत शिवून तुरुंगात पाठवले, आणि उशी मुद्दाम इतकी कडक व बेढब केली की पहारेकऱ्याला तिचा मोह पडू नये. एकदा घरची आठवण म्हणून त्यांनी म्हशीचे मांस आणि केळी घालून अमेरिकन पद्धतीची ‘मिन्स पाय’ (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) करून पाठवली. जडसन यांना ती पाहून रडू आवरले नाही आणि त्यांनी ती शेजारच्या कैद्याला देऊन टाकली.

२६ जानेवारी १८२५ रोजी मुलगी मरायाचा जन्म झाला आणि वीस दिवसांची असताना आईने तिला तुरुंगाच्या दाराशी वडिलांना दाखवायला नेले. मे महिन्यात कैद्यांना आउंगबिन्ले या खेड्यात हलवले, तेव्हा अ‍ॅन तान्हुली, सांभाळलेल्या दोन ब्रह्मी मुली आणि बंगाली स्वयंपाकी यांच्यासह मागोमाग गेल्या. तेथे एका मुलीला देवी आल्या. अ‍ॅन यांनी दुसरीला आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या मुलांनाही देवी टोचल्या, मात्र मरायाला टोचलेले लागले नाही आणि तिला देवी येऊन गेल्या. पाठोपाठ अ‍ॅन स्वतः अंथरुणाला खिळल्या आणि त्यांचे दूध आटले. गावात दाई मिळेना. तेव्हा तुरुंगाधिकाऱ्याला भेटी देऊन परवानगी मिळवली गेली, आणि बेड्यांसह जडसन दररोज त्या बाळाला घेऊन दारोदार फिरून लेकुरवाळ्या बायांकडे दुधाची याचना करीत. बंगाली स्वयंपाकी जातीचा विचार बाजूला ठेवून लाकूड-पाणी वाहत असे आणि कैद्यांची जेवणे झाल्याखेरीज स्वतः तोंडात घास घालीत नसे. हा सारा वृत्तान्त अ‍ॅन यांनी १८२६ मध्ये दिराला लिहिलेल्या दीर्घ पत्रात आला आहे. 

युद्ध फेब्रुवारी १८२६ मध्ये यांदाबोच्या तहाने संपले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी ब्रह्मदेशातील ॲमहर्स्ट येथे तापाने अ‍ॅन यांचे निधन झाले. पती तेव्हा इंग्रज वकिलातीबरोबर आवात होते आणि महिन्याभराने काळ्या मोहरेचे पत्र हाती आल्यावर त्यांना ही बातमी कळली. पुढच्या एप्रिलमध्ये सव्वादोन वर्षांची मरायाही आईशेजारी पुरली गेली.

जी मुले जगत, त्यांचा प्रश्न निराळा होता. उष्ण हवेत ती टिकत नाहीत आणि ‘देशी’ संगतीत वाया जातात, अशा समजुतीने त्यांना लहान वयातच मायदेशी पाठवीत. जडसन यांच्या दुसऱ्या पत्नी सारा यांनी पहिल्या विवाहातील मुलगा जॉर्ज याला सहाव्या वर्षी अमेरिकेला जाणाऱ्या जहाजात बसवून दिले. मुंबईच्या गॉर्डन हॉल यांच्या पत्नी मार्गारेट १८२५ मध्ये दोन मुलगे घेऊन अमेरिकेला निघाल्या. थोरला वाटेतच वारला, आणि इकडे हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडील फेरीत पटकीने गेले.

मराठी प्रदेशात या स्त्रियांचे काम प्रामुख्याने मुलींच्या शिक्षणात दिसते. परक्या पुरुषाला माजघरात प्रवेश नव्हता, मडमेला क्वचित तरी मिळे. हेच तिचे बळ आणि हीच मिशनची तिच्याकडून अपेक्षा होती. अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट १८२९ मध्ये आल्या, त्यांनी कोकणात मराठी शिकून घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून मुंबईत मुलींच्या शाळा चालवण्यास आरंभ केला. अधूनमधून स्वतःची बाळंतपणे चालूच होती. १८३५ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आतच, त्या वारल्या, आणि शाळा चालू ठेवण्यासाठी त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून आल्या.

बाळंतपणे आणि आजारपणे यांमुळे शाळा वारंवार बंद पडतात, हे ध्यानात आल्यावर अमेरिकन मिशनने १८२७ मध्ये सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिकेला मुंबईला पाठवले. तिच्या नगर येथील शाळा पाहून आलेल्या जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली.