एपीआयने नोंदवलेले काम आणि एसएसएचने चालवलेली आज्ञा

एखाद्या व्यवस्थापन सर्व्हरकडे नोंदणी केलेल्या संगणकांवर दुरून काम करवून घेताना दोन गोष्टींची वारंवार गल्लत होते. स्क्रिप्टमधून (आज्ञांच्या लिखित यादीतून) एपीआयला, म्हणजे सर्व्हरला प्रोग्रॅममधून काम सांगण्याच्या मार्गाला, हाक मारली, त्रुटी आली नाही, म्हणजे एसएसएचने (दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे आज्ञा चालवण्याच्या पद्धतीने) आज्ञा चालवल्याप्रमाणेच काम झाले, असे धरले जाते. प्रत्यक्षात या दोहोंमध्ये मुळापासून फरक आहे.

एसएसएचमध्ये आपला संगणक समोरच्या संगणकाशी थेट जोडला जातो, आज्ञा आपल्या देखत चालते आणि ती संपल्यावर तिचा निर्गम संकेतांक (निकाल सांगणारा आकडा) हाती पडतो. शून्य आला तर आज्ञा यशस्वी झाली. जोडणीच झाली नाही तर २५५ मिळतो. समोरचे यंत्र बंद असेल तर ते तिथल्या तिथे कळते.

एपीआयची गोष्ट वेगळी आहे आणि ती स्पेसवॉक या संगणक-व्यवस्थापन प्रणालीच्या उदाहरणावरून चांगली समजते. रेड हॅटने २००८ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुल्या केलेल्या आणि २०२० मध्ये विकास थांबलेल्या या प्रणालीत एक्सएमएल-आरपीसीवर (हाका एक्सएमएल स्वरूपात पाठवण्याच्या पद्धतीवर) चालणारा एपीआय आहे. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड देऊन लॉगिन केले की एक सेशन की (लॉगिन झाल्याची खूण) मिळते आणि पुढच्या प्रत्येक हाकेत ती सर्वांत आधी द्यावी लागते. त्यानंतर संगणकाचा क्रमांक, स्क्रिप्टचा मजकूर, ती कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालवायची, कालमर्यादा किती आणि ती लवकरात लवकर केव्हा चालावी, एवढे कळवले की एपीआय एक पूर्णांक परत करतो. हा पूर्णांक कामाचा निकाल नसून नोंदीचा क्रमांक असतो. सर्व्हरने काम आपल्या रांगेत लावून घेतले, एवढीच ती पोच.

काम उचलणे हे नोंदणीकृत संगणकाच्या हाती असते. त्यावर पार्श्वभूमीत चालणारी सेवा मूळ मांडणीनुसार दर चार तासांनी सर्व्हरकडे विचारणा करते आणि रांगेत काही असल्यास ते पार पाडते. तत्काळ सूचना देणारी स्वतंत्र सेवा बसवली असेल तर ही वाट पाहावी लागत नाही. शिवाय दूरस्थ स्क्रिप्ट चालवण्याची परवानगी त्या संगणकावर आधी दिलेली नसेल, तर नोंद बिनबोभाट होते आणि काम मात्र फसते. म्हणून तो क्रमांक जपून ठेवून काम प्रलंबित, पूर्ण की अयशस्वी हे पुन्हा एपीआयलाच विचारावे लागते. पॅकेज (सॉफ्टवेअरचा संच) बसवण्याची नोंद झाल्याबरोबर पुढच्याच ओळीत त्या पॅकेजवर अवलंबून असलेली सेवा सुरू करू पाहणारी स्क्रिप्ट मला धोकादायक वाटते, कारण चाचणीत सूचना लगेच पोहोचली तर ती बरोबर चालते आणि खऱ्या वापरात कोलमडते.

ओळखीचाही प्रश्न आहे. एसएसएच यंत्राला नावाने किंवा आयपी पत्त्याने ओळखते, तर एपीआय सर्व्हरने दिलेल्या क्रमांकाने. एखादे यंत्र नव्याने बसवून पुन्हा नोंदवले की एकाच नावाच्या दोन नोंदी तयार होऊ शकतात. जुन्या क्रमांकावर लावलेले काम मग तसेच पडून राहते, कारण त्या क्रमांकाने विचारणा करणारे कोणी उरलेलेच नसते. यादी मागवताना प्रत्येक नोंदीसोबत शेवटच्या संपर्काची वेळ मिळते. काम लावण्याआधी ती तपासावी.

२०१८ मध्ये स्पेसवॉकपासून निघालेल्या उयुनी या प्रणालीमध्ये सॉल्ट या दूरस्थ व्यवस्थापनाच्या साधनामुळे संगणकाची सर्व्हरशी जोडणी कायम असते आणि काम लवकर पोहोचते, तरी एपीआय तिथेही नोंदीचाच क्रमांक देतो.

तरीही अनेक यंत्रांसाठी मी एपीआयलाच पसंती देईन. जोडणी यंत्राकडून सुरू होत असल्याने स्पेसवॉकमध्ये या कामासाठी बाहेरून आत येणारा पोर्ट (जोडणीचे द्वार) यंत्रावर उघडा ठेवावा लागत नाही, बंद असलेले यंत्र सुरू झाल्यावर आपले काम उचलते, आणि कोणी, केव्हा, काय करवून घेतले याचा इतिहास सर्व्हरवर राहतो. काम तातडीचे असेल तेव्हा दोन्ही मार्ग जोडता येतात: नोंद एपीआयने करावी आणि एसएसएचने त्या यंत्रावर जाऊन फक्त सर्व्हरकडची रांग तपासण्याची आज्ञा चालवावी, म्हणजे काम लगेच होते आणि त्याची नोंदही सुटत नाही.