हवाबंदपणा व ध्वनिरोधन चाचणी, नव्या घरांची

बांधून पुऱ्या झालेल्या घराच्या कवचातून (बाहेरच्या भिंती, छत व तळ यांतून) हवा किती झिरपते आणि शेजारच्या घरातला आवाज सामाईक भिंतीतून वा मजल्यातून किती पोहोचतो, हे जागेवर मोजणाऱ्या दोन चाचण्या. इंग्लंडमध्ये दोन्हींचा आधार इमारत-नियमावली हा आहे. हवाबंदपणा तिच्या ‘एल’ भागात (ऊर्जाबचत) आणि ध्वनिरोधन ‘ई’ भागात येते. दोन्ही चाचण्या पुष्कळदा एकच संस्था करून देते. मात्र त्यांचे भौतिकशास्त्र, इतिहास आणि मर्यादांचे आकडे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. ही नोंद मुख्यतः इंग्लंडमधील पद्धतीस धरून आहे.

हवाबंदपणा : घराच्या मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात पंखा बसवतात. बाहेरची दारे-खिडक्या बंद, आतली सर्व दारे उघडी, सांडपाण्याच्या वाकड्या नळ्यांत (ट्रॅपमध्ये) पाणी भरलेले आणि यांत्रिक वायुवीजनाची तोंडे चिकटपट्टीने बंद, अशी तयारी असते. पंख्याने हवा आत ढकलून किंवा बाहेर खेचून आत-बाहेर दाबाचा फरक निर्माण करतात व तो टिकवण्यास लागणारा हवेचा प्रवाह मोजतात. दाबाच्या अनेक पायऱ्यांवर नोंदी घेऊन ५० पास्काल दाबफरकाचा प्रवाह काढला जातो. ५० पास्काल म्हणजे सु. ५ मिमी. उंचीच्या पाण्याचा दाब, किंवा सेकंदाला सु. ९ मी. वेगाच्या वाऱ्याचा भिंतीवरील दाब. वारा व तापमानातील फरक यांमुळे एरवी निर्माण होणारा काही पास्कालचा दाब मोजणीत गोंधळ करू नये इतका हा आकडा मोठा आहे आणि उचलून नेता येण्याजोग्या पंख्याला झेपेल इतका लहानही.

प्रवाह दाबाच्या घातांकानुसार बदलतो. हा घातांक ०.५ ते १ या दरम्यान असावा लागतो व बहुधा ०.६५च्या आसपास आढळतो. तो ०.५कडे झुकला तर मोठी भोके, १कडे झुकला तर लांब बारीक फटी, असे अनुमान करतात. ०.५च्या खाली वा १च्या वर गेल्यास चाचणीच सदोष धरली जाते. प्रत्यक्ष गळती कोठे आहे हे मात्र या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी धुराची नळी घेऊन पाइप भिंतीत शिरतात त्या जागा, वीजजोडणीच्या पेट्या आणि पोटमाळ्याचे झाकण तपासावे लागते.

निष्पत्ती दोन प्रकारे सांगतात. ब्रिटनमध्ये कवचाच्या दर चौ.मी. क्षेत्रामागे ताशी किती घ.मी. हवा, असा हिशेब असतो. जर्मनीत व पासिवहाऊस या अत्यल्प ऊर्जा लागणाऱ्या घरांच्या मानकात घरातील हवा ताशी किती वेळा बदलते ते पाहतात. पासिवहाऊसची मर्यादा ताशी ०.६ वेळा आहे. इंग्लंडमध्ये २००२मध्ये मोठ्या अनिवासी इमारतींना व २००६पासून घरांना, प्रथम नमुना पद्धतीने, चाचणी लागू झाली. तेव्हाची कमाल मर्यादा १० घ.मी. होती. जून २०२२पासून ती ८ झाली आणि प्रत्येक नव्या घराची चाचणी करणे आले. त्याच वेळी नॉटिंगहॅम विद्यापीठात विकसित झालेली, ४ पास्कालवर हवेचा क्षणिक झोत सोडून मोजण्याची पद्धतही मान्य झाली.

पंखा-चाचणीच्या उगमाबद्दल एकमत नाही. प्रचलित वृत्तांत असा, की स्वीडनमध्ये सु. १९७७मध्ये खिडकीत बसवायचा पंखा या कामी वापरात होता. स्वीडिश संशोधक ओके ब्लोमस्टरबेर्ग यांनी १९७९मध्ये ही कल्पना अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात नेली आणि तेथे पंखा खिडकीतून दारात आला. कॅनडातील अभ्यासक सस्कॅचवान प्रांताकडे बोट दाखवतात. रेजायना येथील ‘सस्कॅचवान कॉन्झर्व्हेशन हाऊस’ १९७७चे असून त्या प्रकल्पातील हॅरल्ड ऑर यांनी त्याच सुमारास दाब-चाचणीचे साधन वापरात आणले. दोन्ही ठिकाणी तेलसंकटानंतर ऊर्जाबचतीची निकड सारखीच असल्याने स्वतंत्र उगम असंभाव्य नाही. तथापि चाचणीचा आकडा बांधकाम-नियमात आणण्याच्या बाबतीत स्वीडनचे अग्रस्थान अधिक ग्राह्य वाटते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे स्वतंत्र घरांसाठी ताशी ३ हवाबदलांची मर्यादा घातली गेली. प्रिन्स्टनचे महत्त्व निराळे आहे. न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स वसाहतीच्या अभ्यासात असे दिसले, की उष्णता खिडक्या-दारांच्या फटींपेक्षा भिंतींच्या पोकळ्यांतून पोटमाळ्यात जाणाऱ्या अदृश्य वाटांनी अपेक्षेबाहेर निसटते.

५० पास्कालच्या आकड्याला २०ने भागले की वर्षभराची सरासरी हवाझिरप मिळते, हा संकेत ब्रिटनच्या ऊर्जा-गणनेतही रुजला आहे. हवामान, घराची उंची व आडोसा यांनुसार हा भाजक बराच बदलू शकतो. त्यामुळे तो ढोबळ अंदाजापुरताच घ्यावा. चाचणीच्या विश्वासार्हतेवरही आक्षेप आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील २०१७च्या एका अभ्यासात एक लाखाहून अधिक घरांचे निकाल तपासले असता ते आराखड्यातील अपेक्षित आकड्याच्या अगदी लगत, संशयास्पद दाटीने जमलेले आढळले. चाचणी चालू असतानाच भिंतीच्या कडांना सीलंट भरून आकडा खाली आणणे हे याचे एक कारण मानले जाते. असे सीलंट किती वर्षे टिकेल, हा प्रश्न उरतोच.

ध्वनिरोधन : येथे दोन मोजण्या असतात. हवेतून येणाऱ्या ध्वनीसाठी एका खोलीत ध्वनिक्षेपकावर सर्व वारंवारतांचा गोंगाट लावून दोन्ही खोल्यांतील पातळी १०० ते ३,१५० हर्ट्‌झ या पट्ट्यांत मोजतात; दोन पातळ्यांतील फरक म्हणजे रोधन. रिकामी खोली घुमते. म्हणून ऐकणाऱ्या खोलीचा निनादकाल (आवाज थांबल्यावर तो विरण्यास लागणारा वेळ) मोजून आकडे ०.५ सेकंदाच्या प्रमाणित निनादकालावर आणतात. निनादकालाचे गणित हार्व्हर्डच्या वॉलेस सॅबिन यांच्या १८९५पासूनच्या प्रयोगांवर उभे आहे. आघातध्वनीसाठी, म्हणजे पावलांसारख्या ठोक्यांनी मजल्यातून जाणाऱ्या आवाजासाठी, वरच्या मजल्यावर ठोकयंत्र ठेवतात व खालच्या खोलीतील पातळी मोजतात. त्यातील ५०० ग्रॅमचे पाच हातोडे ४ सेंमी. उंचीवरून सेकंदाला एकूण दहा ठोके देतात. हे यंत्र जर्मनीत घडले व तेथील १९३८च्या मानकात आले. त्याचा कडक, कोरडा ठोका माणसाच्या पावलाशी फारसा जुळत नाही ही तक्रार जुनी आहे, पण तुलनेसाठी सर्वमान्य असा दुसरा पर्याय रूढ झालेला नाही.

ब्रिटनमधील मर्यादांच्या मुळाशी नऊ इंची विटांची भिंत आहे. १६६६च्या आगीनंतर लंडनमध्ये विटांच्या सामाईक भिंती सक्तीच्या झाल्या त्या आग पसरू नये म्हणून. आवाज अडणे हा आनुषंगिक लाभ होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जोडघरांतील रोधनाची प्रतवारी ठरवताना दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली हीच भिंत माप म्हणून स्वीकारली गेली आणि १९६५च्या राष्ट्रीय नियमावलीत ती विचारसरणी उतरली.

२००३च्या ‘ई’ भागानुसार नव्या घरांत भिंत व मजल्याचे हवाध्वनिरोधन किमान ४५ डेसिबल आणि मजल्यावरील आघातध्वनी कमाल ६२ डेसिबल असावा लागतो. जुन्या इमारतीचे रूपांतर करून केलेल्या घरांना अनुक्रमे ४३ व ६४ची सवलत आहे. यातील ४५च्या आकड्यात ‘सीटीआर’ नावाची दुरुस्ती मिळवलेली असते. ती मुळात रहदारीच्या आवाजासाठी आखलेली, मंद्र वारंवारतांना झुकते माप देणारी आहे. घरगुती संगीतयंत्रांच्या घुमणाऱ्या नादाचा जाच पकडण्यासाठी ती योजली गेली. आक्षेप असा, की १०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी ३.४ मी. म्हणजे छोट्या शयनगृहाएवढीच असते. अशा खोलीत ध्वनी सारखा पसरत नाही, कोपऱ्यात एक आकडा येतो व मध्यभागी दुसरा. अंतिम निकाल याच डळमळीत पट्ट्यावर फार अवलंबून राहतो आणि हलक्या लाकडी सांगाड्याच्या भिंतींना त्याची झळ अधिक बसते. स्कॉटलंडने ही दुरुस्ती न घेता २०१०पासून हवाध्वनिरोधन किमान ५६ व आघातध्वनी कमाल ५६ डेसिबल ठरवला. दोन्ही देशांचे आकडे त्यामुळे थेट ताडून पाहू नयेत. पुनर्मापनात सारखे उत्तर येण्याच्या दृष्टीने स्कॉटिश मार्ग बरा म्हणावा लागेल.

चाचणी दर दहा घरांमागे निदान मोजण्यांच्या एका संचाची असते. २००४पासून बांधकामदाराला पूर्वमान्य तपशिलांनुसार घर नोंदवून ती टाळता येते. नापास होण्याचे कारण पुष्कळदा खुद्द भिंत नसते. शेजारच्या भिंतींतून व फरशीखालून जाणारा पार्श्वमार्ग, मसाला न भरता कोरडे राहिलेले सांधे किंवा भिंतीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर खोदलेल्या वीजपेट्या दोषी असतात.

भारतात ध्वनिरोधनाविषयी १९६२चे आयएस १९५० हे मानक व राष्ट्रीय इमारत संहिता २०१६च्या आठव्या भागातील ध्वनिशास्त्राचे प्रकरण उपलब्ध आहे. इको-निवास संहिता २०१८ मुख्यतः कवचातून आत येणारी उष्णता, नैसर्गिक वायुवीजन व उजेड यांकडे लक्ष देते. कोकणपट्टीसारख्या दमट हवामानात, जेथे घर वाऱ्यासाठी उघडे ठेवण्याकडेच कल असतो, तेथे हवाबंदपणाचा प्रश्न वातानुकूलित घरांपुरता मर्यादित राहतो.